बर्फाविना नाताळ : ऱ्हिदम अँड ब्लूजने गायलेला सण

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या रेडिओवर काही दिवंगत आवाज नेमाने परततात. नॅट किंग कोल १९६५ साली गेला, ओटिस रेडिंग १९६७ साली, डॉनी हॅथवे १९७९ साली आणि चार्ल्स ब्राउन १९९९ साली. एरवी यांची गाणी आवडीने शोधून लावावी लागतात. नाताळच्या गाण्यांचे तसे नाही. ती दुकानात, टॅक्सीत, विमानतळावर आपसूक कानी पडतात आणि गायकाचे नावही ठाऊक नसलेली माणसे ती गुणगुणत पुढे जातात.

हे सगळे गायक आफ्रिकन-अमेरिकन. ब्लूज, जॅझ आणि चर्चमधले गॉस्पेल यांच्या मिलाफातून १९४० च्या दशकात जे संगीत आकाराला आले, त्याला ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणतात. १९६० च्या दशकात त्याचेच अधिक भावोत्कट रूप ‘सोल’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या परंपरेतल्या नाताळगाण्यांचा एक विशेष लगेच लक्षात येतो. त्यांत गोठ्यातले बाळ क्वचित दिसते, बर्फ त्याहून क्वचित. त्यांत असते एक घर आणि एक माणूस. तो माणूस आलेला असतो, म्हणून आनंद असतो. किंवा तो आलेला नसतो आणि मग सगळी रोषणाई फिकी पडते. सणाचे मोजमाप इथे माणसाच्या येण्याने होते.

सण आणि ताटातूट

याची मुळे फार मागे जातात. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवर गुलामांना बहुधा वर्षातून एकदाच सलग सुटी मिळे : नाताळ ते नववर्ष. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ सालच्या आत्मचरित्रात या सुटीचे मर्म उघड केले. मालक ती औदार्यापोटी देत नाहीत, बंडाची वाफ निघून जावी म्हणून देतात, असे त्याचे म्हणणे होते. सुटी संपताच १ जानेवारी उजाडे. त्या दिवशी गुलामांना वर्षभराच्या बोलीने दुसऱ्या मालकाकडे भाड्याने धाडले जाई, कित्येकदा विकलेही जाई. हॅरिएट जेकब्सच्या १८६१ सालच्या आत्मकथेत नववर्षाच्या आदल्या रात्री मुलांकडे टक लावून बसलेली आई आहे. सकाळी त्यांतले कोण आपल्यापासून तोडले जाईल, हे तिला ठाऊक नाही. दोनच वर्षांनी, १ जानेवारी १८६३ रोजी, अब्राहम लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला. त्याच्या आदल्या रात्री काळ्या लोकांनी जागरण करून, प्रार्थना म्हणत त्या घटकेची वाट पाहिली.

गुलामगिरी संपली तरी ताटातूट थांबली नाही. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख आफ्रिकन-अमेरिकन लोक दक्षिणेतील दडपशाही आणि दारिद्र्य मागे टाकून उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले. मिसिसिपीचे लोक शिकागोला पोचले, जॉर्जियाचे न्यूयॉर्कला, टेक्सास आणि लुइझियानाचे लॉस एंजेलिसला. आई गावी, मुलगा कारखान्याच्या शहरात, बहीण तिसरीकडेच अशी लक्षावधी घरे तयार झाली. अशा समाजाने नाताळचे गाणे रचताना ‘घरी ये’ ही विनवणी पुन्हा पुन्हा केली, यात नवल नाही.

ब्लूज गायकांनी या सणाला आधीच हात घातला होता. बेसी स्मिथने १९२५ साली नाताळच्या नाचाच्या मैफलीवर गाणे ध्वनिमुद्रित केले, तर लीरॉय कारने १९२९ साली तुरुंगात काढलेल्या नाताळावर. मात्र अशा तबकड्यांना व्यापारी जगात ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे काळ्या वंशाच्या गिऱ्हाइकांचा माल, असे म्हटले जाई. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने जून १९४९ मध्ये ते नाव टाकून आपल्या यादीला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे शीर्षक दिले. ते सुचवले होते तेव्हा तिथे वार्ताहर असलेल्या जेरी वेक्सलरने. हाच वेक्सलर पुढे अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये गेला आणि रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन यांच्या तबकड्यांचा निर्माता झाला.

रसायनशास्त्राचा पदवीधर

या गाण्यांच्या कुळाचा मूळ पुरुष म्हणून चार्ल्स ब्राउनचे नाव घ्यावे लागते. १९२२ साली टेक्सास सिटी येथे त्याचा जन्म झाला. आजीने त्याला लहानपणीच पियानोवर पाश्चात्त्य अभिजात संगीताचे धडे दिले. त्याने १९४२ साली प्रेअरी व्ह्यू महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेतली, काही काळ शाळेत शिकवले, युद्धकाळात पाइन ब्लफ येथील लष्कराच्या रासायनिक कारखान्यात नोकरी केली आणि अखेर लॉस एंजेलिस गाठले. तिथे तो गिटारवादक जॉनी मूर आणि बासवादक एडी विल्यम्स यांच्या ‘थ्री ब्लेझर्स’ या त्रयीत पियानो वाजवू व गाऊ लागला.

त्या काळच्या ब्लूजमध्ये दणदणीत आवाजाचे गायक लोकप्रिय होते. ब्राउन हळुवार, जवळजवळ कुजबुजल्यासारखा गाई. पियानोवर एखादी चुकार सुरावट, मागे गिटारचे मोजके स्वर, आणि गायकाला कसलीच घाई नाही. रे चार्ल्ससारखा कलावंत उमेदवारीच्या काळात त्याच्याच ढंगाने गात असे, एवढा त्या शैलीचा प्रभाव होता.

१९४७ साली या त्रयीने ‘मेरी ख्रिसमस बेबी’ ध्वनिमुद्रित केले. गाण्यातला प्रियकर तृप्त आहे. घरात संगीत आहे, भेटवस्तू मिळाली आहे, आणि मुख्य म्हणजे ती सोबत आहे. त्या हंगामात ते ‘रेस रेकॉर्ड्स’च्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. तबकडीवर नाव झळकले ते मात्र ‘जॉनी मूर्स थ्री ब्लेझर्स’ असे. गीतकार म्हणूनही ल्यू बॅक्स्टर आणि जॉनी मूर यांचीच नोंद झाली. ब्राउन पुढे आयुष्यभर सांगत राहिला, की बॅक्स्टरला इस्पितळाच्या खर्चासाठी पैशांची गरज होती, म्हणून त्याने आणलेल्या कच्च्या गाण्याला आपण नवे रूप दिले होते. श्रेय त्याच्या नावावर आले नाही. गाणे मात्र चक बेरी, ओटिस रेडिंग, आइक आणि टीना टर्नर, एल्व्हिस प्रेस्ली, बी. बी. किंग अशा एकाहून एक गायकांनी आपलेसे केले.

१९६० साली, रॉक अँड रोलच्या लाटेत मागे पडलेल्या ब्राउनने सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्ससाठी ‘प्लीज कम होम फॉर ख्रिसमस’ गायले. जीन रेडबरोबर रचलेल्या या गाण्यात १९४७ चे चित्र उलटे झाले आहे. प्रारंभी घंटानाद होतो, सण दारात आला आहे, आणि घर रिकामे आहे. चालही त्या मनःस्थितीला शोभेशी : संथ लय, प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग, पियानो ते तीनही भाग सारख्या वजनाने ठोकत राहतो आणि गायक त्या ठोक्यांच्या किंचित मागे रेंगाळतो. १९७८ साली ‘द ईगल्स’ने हे गाणे गाऊन त्याला नवा श्रोता मिळवून दिला. ब्राउनला स्वतःला पुन्हा प्रकाशात यायला १९९० उजाडले. बॉनी रेट या गायिकेने त्याला आपल्या दौऱ्यावर सोबत घेतले आणि सत्तरीकडे झुकलेल्या ब्राउनला नव्या पिढीने ऐकले. जानेवारी १९९९ मध्ये ओकलंडला त्याचे निधन झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

उन्हाळ्यात रचलेली थंडी

जॉनी मूरचा धाकटा भाऊ ऑस्कर मूर हाही नामांकित गिटारवादक. तो नॅट किंग कोलच्या त्रयीत होता. पियानो, गिटार आणि बास, ड्रमवादकाच्या जागी कोणी नाही, अशी ही मांडणी कोलने गाजवली आणि ‘थ्री ब्लेझर्स’ने तिचाच कित्ता गिरवला.

कोलच्या ‘द ख्रिसमस साँग’चा जन्म कडक उन्हाळ्यात झाला. जुलै १९४५ मध्ये कॅलिफोर्नियात उकाड्याने हैराण झालेल्या बॉब वेल्सने निदान विचारांनी तरी गारवा मिळावा म्हणून थंडीच्या काही ओळी कागदावर खरडल्या. त्याचा मित्र मेल टॉर्मेने त्या पाहिल्या आणि तासाभराच्या आत दोघांनी गाणे पुरे केले. कोलने जून १९४६ मध्ये ते फक्त त्रयीसह गायले. मग त्याला वाटले की याला तंतुवाद्यांची जोड हवी. ऑगस्टमध्ये त्याने ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि तेच लोकांपुढे आले. आज बहुतेक ठिकाणी वाजते ते त्याने १९६१ साली स्टिरिओमध्ये केलेले रूप.

या मधाळ आवाजामागचे वास्तव कडू होते. १९४८ साली कोलने लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी संघटित विरोध केला. एप्रिल १९५६ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅमला भर कार्यक्रमात गोऱ्या वंशवाद्यांनी रंगमंचावर चढून त्याच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी एनबीसीवर त्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. प्रेक्षक मिळाले, देशव्यापी प्रायोजक मात्र मिळाला नाही आणि वर्षभरात तो बंद पडला. ज्यांच्या दिवाणखान्यात त्याचा आवाज दर नाताळला हक्काने येत असे, त्यांतल्या अनेकांना तो शेजारी म्हणून चालत नव्हता.

कोलने गोऱ्या अमेरिकेच्या घाटणीचे गाणे तिच्याच घाटणीने, पण तिच्याहून सरस गायले. ‘द ड्रिफ्टर्स’ने १९५४ साली वेगळा डाव टाकला. अर्व्हिंग बर्लिनचे ‘व्हाइट ख्रिसमस’ बिंग क्रॉस्बीने १९४२ साली अजरामर केले होते. जगात सर्वाधिक खपलेली एकल तबकडी म्हणून त्याची गणना होते. ड्रिफ्टर्सनी त्याचा गंभीर चेहराच बदलला. आधी बिल पिंक्नीचा खर्जातला आवाज डुलत येतो, मग क्लाइड मॅकफॅटर वरच्या पट्टीत शब्दांना हेलकावे देत त्यांचा पार खेळ करून टाकतो. बर्फाची हळवी आठवण इथे नाचण्याजोगी झाली. १९९० सालच्या ‘होम अलोन’ चित्रपटात लहानगा केविन आरशासमोर उभा राहून याच गाण्यावर ओठ हलवतो, त्यामुळे ते जगभरच्या मुलांना पाठ झाले.

मेंफिसचे जुने चित्रपटगृह

सोल संगीताचा कणा ठरलेली स्टॅक्स ही कंपनी टेनेसीतील मेंफिस शहरात, मॅक्लेमोर अव्हेन्यूवरच्या एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात चाले. बाहेर शहर वर्णभेदाने दुभंगलेले होते. आत ‘बुकर टी. अँड द एमजीज’ या वादकवृंदात बुकर टी. जोन्स आणि अल जॅक्सन हे दोन काळे, स्टीव्ह क्रॉपर आणि डक डन हे दोन गोरे एकत्र वाजवत. १९६६ साली त्यांनी ‘इन द ख्रिसमस स्पिरिट’ हा संपूर्ण वाद्यसंगीताचा संच काढला. एकही शब्द न गाता जिंगल बेल्सला त्यांनी मेंफिसच्या रस्त्यावर आणले.

त्यांच्याच साथीने जॉर्जियाचा ओटिस रेडिंग गाई. आपल्या कीर्तनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलतात, तसे नाते इथे गायक आणि ब्रास वाद्यांचे आहे. रेडिंग अर्धी ओळ म्हणतो, ट्रम्पेट-सॅक्सोफोन तिला होकार देतात, मग तो त्या होकारावर पुन्हा चढतो. ही सवाल-जवाबाची रीत काळ्या चर्चमधून आली. स्टॅक्समध्ये अनेकदा ब्रासच्या ओळी रेडिंग स्वतःच गाऊन दाखवी आणि वादक त्या तिथल्या तिथे बसवीत.

त्याने ‘मेरी ख्रिसमस बेबी’ आणि ‘व्हाइट ख्रिसमस’ दोन्ही गायली, पण ती बाजारात आलेली त्याने पाहिली नाहीत. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधील मॅडिसनजवळ त्याचे छोटे विमान मोनोना सरोवरात कोसळले. तो २६ वर्षांचा होता. ‘बार-केज’ या तरुण साथीदारांपैकी विमानात असलेल्यांत फक्त ट्रम्पेटवादक बेन कॉली वाचला. पुढच्या नाताळात, १९६८ साली, ही दोन्ही गाणी अटलांटिकच्या ‘सोल ख्रिसमस’ या संग्रहात आली. त्याच संग्रहात कार्ला थॉमस, सॉलोमन बर्क, विल्यम बेल आहेत, आणि अंध गायक क्लॅरेन्स कार्टरचे ‘बॅक डोअर सँटा’ हे चावट गाणेही आहे. त्यातला ब्रासचा तुकडा घेऊनच रन-डीएमसीने १९८७ साली ‘ख्रिसमस इन हॉलिस’ हे रॅप केले.

ऑगस्टमधली हाक

लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत १९६३ च्या उन्हाळ्यात निर्माता फिल स्पेक्टरने नाताळचा संच ध्वनिमुद्रित केला. खोली लहान, वादकांची दाटी, एकेका वाद्याच्या अनेक जोड्या आणि वर प्रतिध्वनीचा थर, असे त्याचे तंत्र. त्यातले ‘ख्रिसमस (बेबी प्लीज कम होम)’ डार्लीन लव्ह या बावीस वर्षांच्या गायिकेने गायले. ब्राउनची विनवणी दबलेली होती. डार्लीनची हाक वाद्यांची भिंत फोडून बाहेर येते. संच प्रसिद्ध झाला २२ नोव्हेंबर १९६३ रोजी. त्याच दिवशी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि नाताळची गाणी ऐकायच्या मनःस्थितीत देश राहिला नाही.

डार्लीनच्या वाट्याला तोवर उपेक्षाच आली होती. ‘ही इज अ रेबेल’ हे १९६२ चे अव्वल गाणे तिने गायले, पण तबकडीवर ‘द क्रिस्टल्स’ असे नाव छापले गेले. पुढे एक काळ असा आला, की ती बेव्हर्ली हिल्समधल्या घरांत साफसफाई करत होती. अशाच एका घरात काम करताना रेडिओवर स्वतःचे हे नाताळगाणे ऐकू आले आणि आपण गायलाच हवे असे तिने ठरवले, हा प्रसंग तिनेच सांगितला आहे. १९८६ पासून २०१४ पर्यंत डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात नाताळाआधी ती हेच गाणे गात असे. २०११ साली तिला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. स्पेक्टर त्या वेळी खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता.

घरातून रस्त्यावर

१९६७ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे पाच लाख सैनिक होते. घरी न आलेला माणूस आता रणांगणावर होता. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतून किशोरवयीन स्टीव्ही वंडरने ‘समडे ॲट ख्रिसमस’ गायले. रॉन मिलर आणि ब्रायन वेल्स यांच्या या गाण्यात युद्ध आणि भूक नसलेल्या एखाद्या भावी नाताळाचे स्वप्न आहे. तो नाताळ आपल्या हयातीत येईलच असे नाही, याची जाणीवही आहे.

पुढच्या वर्षी ४ एप्रिलला मेंफिसच्या लॉरेन मोटेलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. स्टॅक्सचे काळे-गोरे कलावंत जिथे एकत्र बसून गाणी रचत, तेच हे मोटेल. शहरे पेटली. त्या वर्षीच्या नाताळात जेम्स ब्राउनने ‘सँटा क्लॉज गो स्ट्रेट टू द घेटो’ काढले. साउथ कॅरोलायनात जन्मलेला आणि ऑगस्टा शहरात कमालीच्या गरिबीत वाढलेला हा गायक सँटाला थेट गरीब काळ्यांच्या वस्तीचा पत्ता देतो. गाण्यातली मागणी गमतीची वाटते; बेस आणि ड्रमच्या अढळ ठेक्यावर ती हुकमासारखी ऐकू येते. ब्राउनने ती स्वतः निभावलीही. ऑगस्टामध्ये तो दर नाताळात मुलांना खेळणी वाटे. २००६ साली अशाच वाटपानंतर काही दिवसांत तो न्यूमोनियाने आजारी पडला आणि २५ डिसेंबरच्या पहाटे अटलांटात त्याचे निधन झाले.

या परंपरेच्या पंचांगात डिसेंबर असा अनेकदा शोकाचा ठरला आहे. जॉनी एस हा तरुण बॅलडगायक १९५४ च्या नाताळाच्या रात्री ह्यूस्टनमध्ये कार्यक्रमाच्या मध्यंतरात पिस्तुलाशी खेळताना गोळी लागून गेला. गायक सॅम कुक ११ डिसेंबर १९६४ रोजी गेला, गायिका डायना वॉशिंग्टन १४ डिसेंबर १९६३ रोजी. ‘सँटा बेबी’ गाणारी अर्था किट २००८ साली नेमकी २५ डिसेंबरला वारली.

भरलेले घर

शिकागोत जन्मलेला आणि सेंट लुईसला आजीच्या छायेत चर्चमध्ये गात वाढलेला डॉनी हॅथवे हॉवर्ड विद्यापीठात संगीत शिकला. १९७० साली त्याने शिकागोत ‘धिस ख्रिसमस’ ध्वनिमुद्रित केले. त्याचे शब्द टपाल खात्यात काम केलेल्या नेडीन मॅकिनर हिचे. ड्रम आणि ब्रासची उसळती सुरुवात, इलेक्ट्रिक पियानोचा गोलवा आणि वर हॅथवेचा निश्चिंत आवाज. गाण्यात विरह नाही, तक्रार नाही. झाड सजले आहे, चूल पेटली आहे, हवे ते माणूस शेजारी आहे. प्रथम आले तेव्हा ते फारसे गाजले नाही. १९९१ साली ‘सोल ख्रिसमस’च्या नव्या आवृत्तीत त्याचा समावेश झाला, आणि आज आफ्रिकन-अमेरिकन घरांत त्याच्याशिवाय नाताळ पुरा होत नाही. हॅथवेला तीव्र मानसिक आजाराने ग्रासले होते. जानेवारी १९७९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावरून पडून, ३३ व्या वर्षी, तो गेला.

कुठून ऐकावे

गोवा, वसई किंवा मुंबईच्या वाचकाला बर्फाविना नाताळ नवा नाही, तेव्हा ही गाणी परकी वाटू नयेत. ऐकताना कालक्रम पाळावा. आधी १९४७ चे ‘मेरी ख्रिसमस बेबी’, आणि लगोलग ओटिस रेडिंगने गायलेले तेच गाणे : वीस वर्षांत कुजबूज कशी गर्जना झाली, हे पाच-सहा मिनिटांत कळते. मग क्रॉस्बी आणि ड्रिफ्टर्स यांची ‘व्हाइट ख्रिसमस’ एकापाठोपाठ. त्यानंतर १९६० चा चार्ल्स ब्राउन आणि १९६३ ची डार्लीन : विनवणी एकच, एकीत कोंडलेला श्वास, दुसरीत मोकळा गळा. पुढे स्टीव्ही वंडर आणि जेम्स ब्राउन, म्हणजे रिकाम्या खुर्चीची व्यथा घरापुरती न राहता साऱ्या वस्तीची कशी झाली ते दिसेल. हॅथवे सर्वांत शेवटी ठेवावा. आधीची इतकी गाणी ज्या माणसाची वाट पाहतात, तो त्याच्या गाण्यात आलेला आहे. आणि एवढी वाट पाहिल्यावरच त्या आनंदाचे खरे वजन कळते.